सहा विषयांत 'गैरहजर' : जर्मनीत केलेल्या एका सत्राचं प्रकरण

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या महाविद्यालयाचा सातव्या सत्राचा निकाल लागला. त्यात स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका मुलीच्या नावापुढे सहाच्या सहा विषयांत 'गैरहजर' असा शेरा होता. ती इथं नव्हती हे खरंच होतं. ती जर्मनीत होती. आमच्याच सामंजस्य करारातून, आमच्याच विभागाच्या सहीनं ती तिथं एक सत्र शिकायला गेली होती, आणि निकाल लागला त्या दिवशी तिथल्या ग्रंथालयात बसून फेब्रुवारीतल्या परीक्षांची तयारी करत होती.

त्या निकालाचा फोटो तिनं मला पाठवला आणि विचारलं, "सर, हे असंच दिसतं का?" मी लिहिलं, "तू आलीस की दुरुस्त होईल." ते दुरुस्त व्हायला जुलै उजाडला. मधल्या सहा महिन्यांत काय काय झालं, ते क्रमानं लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात होतं. मराठवाड्यातली अनेक महाविद्यालयं आता स्वायत्त झाली आहेत आणि परदेशी विद्यापीठांशी करारही करू लागली आहेत. करार झाल्याची बातमी छापून येते. त्या करारावर पहिला विद्यार्थी जाऊन आला की त्याच्या गुणपत्रिकेचं काय होतं, हे मात्र कुणी लिहीत नाही.

मी त्या विभागात शिकवतो आणि परदेशी देवाणघेवाणीचा समन्वयक म्हणून त्या वेळी हे काम माझ्याकडे होतं. मुलीच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीनं हे लिहितो आहे. नावं आणि महाविद्यालय सांगत नाही.

मुलगी आणि घर

मुलगी मूळची औसा तालुक्यातली. वडील एसटीत वाहक, गावाकडे तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब लातुरात भाड्याच्या घरात राहायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा ती सातवीत होती. १२ एप्रिलची ती पहिली गाडी : दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या अर्जात तिनं या गाडीबद्दल लिहिलं होतं. मी ते आधी खोडायला सांगणार होतो, कारण आमच्याकडच्या बऱ्याच मुलांच्या निबंधात ती गाडी येते. मग पुढचा परिच्छेद वाचला. त्यात तिनं गावातल्या दोन विहिरींबद्दल लिहिलं होतं. दोन्ही एकाच बांधावर, तीस पावलांच्या अंतरावर, चुलत्यांच्या. एकीला मार्चपर्यंत पाणी, दुसरी दिवाळीतच कोरडी. हे असं का होतं ते शिकायचं आहे, एवढंच पुढं होतं.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी सलग साठत नाही. बेसॉल्टच्या भेगांत, कुजलेल्या थरात, जुन्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत ते जिथं सापडेल तिथं असतं. उत्तर जर्मनीच्या मैदानात मात्र वाळू आणि गोट्यांचे जाड थर आहेत आणि त्यांतून पाणी सलग वाहतं. भूजलाचं बरंच गणित अशाच सलग थरांवर उभं राहिलं. आम्ही तिसऱ्या वर्षाला विहिरीच्या उपशासाठी शिकवतो ते थीमचं सूत्र लाइपझिगच्या गुन्टर थीमनं १९०६ मध्ये मांडलं. ते सूत्र जिथं जन्मलं त्या देशात जाऊन ते शिकायचं आणि मग ते औशाच्या पाषाणात कुठं लागू पडत नाही ते पाहायचं, असं तिच्या डोक्यात होतं. एकविसाव्या वर्षी एवढा नेमका प्रश्न घेऊन येणारी मुलं थोडी. तिला पाठवायचंच, असं मी ठरवलं. पुढं ज्या घाईनं मी काही गोष्टी केल्या, त्या घाईचं मूळ इथं आहे.

पैसा

करार शुल्कमाफीचा होता. म्हणजे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयाची फी इथं भरतो, तिथल्या विद्यापीठाला शिकवणीची फी द्यावी लागत नाही. राहणं, खाणं, विमा, प्रवास आणि तिथलं किरकोळ सत्रशुल्क हे ज्याचं त्यानं. शिष्यवृत्त्या आम्ही शोधल्या. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, या मोठ्या योजना आहेत, पण त्या तिथं जाऊन पूर्ण पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी. इथल्याच बी.टेक.मधलं एक सत्र बाहेर करणारा विद्यार्थी त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

तिचे वडील पहिल्यांदा मला भेटायला आले ते ड्युटीवरून, खाकी गणवेशातच. त्यांचा प्रश्न सरळ होता. "सर, तिथं फी न्हाई म्हनलाव, मग हे पाच लाख कशाचे?"

मी त्यांना सांगितलं, "दादा, हे पैसे कुणाला द्यायचे नाहीत. पोरीच्याच नावानं तिकडच्या खात्यात टाकायचे. खातं बांधलेलं असतं, दर महिन्याला ठरलेली रक्कम सुटते." व्हिसासाठी त्या वेळी महिना ९३४ युरो दाखवावे लागत. (१ सप्टेंबर २०२४ पासून ते ९९२ झाले. तिचा अर्ज त्याआधी गेला होता.) सहा महिन्यांचे ५,६०४ युरो, म्हणजे तेव्हाच्या दरानं पाच लाखांवर. त्यांनी तिकिटाच्या यंत्रावर हिशेब करणाऱ्या माणसाच्या सवयीनं मनातच गुणाकार केला आणि म्हणाले, "म्हंजे महिन्याला पंच्याऐंशी हजार. माझ्या पगारापेक्षा जास्तच की."

शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो. योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण बँकेला फीचं पत्रक हवं होतं आणि आमच्या पत्रात फी शून्य होती. शाखेतले अधिकारी चांगले होते. तीन वेळा त्यांनी वरच्या कार्यालयाला विचारलं. उत्तर येईपर्यंत जुलै आला. शेवटी आईच्या दागिन्यांवर सोनेतारण, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून उचल आणि मामाकडून हातउसने, असे पैसे उभे राहिले. ऑगस्टमध्ये बापलेक लातूर एक्स्प्रेसनं मुंबईला गेले, व्हिसाचे कागद देऊन त्याच रात्री परत फिरले.

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिला. पुढच्या साऱ्या कागदोपत्री वादात या घराचं सोनं गहाण होतं, ही गोष्ट बैठकीतल्या कुणाच्याच समोरच्या फायलीत नव्हती.

करारपत्रावर काय होतं आणि काय नव्हतं

जाण्यापूर्वी एक 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' होतं. विद्यार्थी तिथं कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय सुटणार, याचं हे पत्रक. त्यावर तीन सह्या लागतात : विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या संस्थेची, घेणाऱ्या संस्थेची. आमच्या बाजूनं सही विभागप्रमुखांची झाली. ती त्यांनी माझ्या सांगण्यावरून केली.

आमचं सातवं सत्र २० क्रेडिटचं (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक). जलस्रोत अभियांत्रिकी ४, अंदाजपत्रक आणि मूल्यांकन ४, दोन वैकल्पिक विषय ३-३, विभागाबाहेरचा एक खुला विषय ३, प्रकल्पाचा पहिला टप्पा ३. त्यांच्यासमोर आम्ही लिहिलं : भूजल, बांधकाम व्यवस्थापन, सांडपाणी प्रक्रिया, दूरसंवेदन, जर्मन भाषा आणि एक छोटा प्रकल्प. ओळीला ओळ जुळली. कागद देखणा दिसत होता.

ती तिथं पोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत कळलं की बांधकाम व्यवस्थापन हे मॉड्यूल (तिथं विषयाला असं म्हणतात) फक्त उन्हाळी सत्रात, एप्रिलपासून असतं, आणि तेही जर्मन भाषेत. तिथं पदवीच्या पातळीवरचं बहुतेक शिक्षण जर्मनमध्ये चालतं. इंग्रजीतले विषय प्रामुख्यानं मास्टर्सच्या अभ्यासक्रमात मिळतात. त्यामुळे तिचे बाकीचे विषयही मास्टर्सचेच होते. बी.टेक.च्या चौथ्या वर्षाची मुलगी तिकडच्या मास्टर्सच्या वर्गात बसली होती, हे मला तेव्हा अभिमानाचं वाटलं. पुढं बैठकीत हाच मुद्दा तिच्याविरुद्ध आला.

बांधकाम व्यवस्थापनाऐवजी तिनं जलवैज्ञानिक प्रतिमानांचं, म्हणजे पाण्याचं वागणं गणितात मांडणाऱ्या मॉडेलांचं, मॉड्यूल सुचवलं आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. मी उत्तर दिलं : "ठीक आहे, घे."

या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक म्हणजे हे तीन शब्द. अशा बदलासाठी करारपत्राचं सुधारित पान असतं, त्यावर पुन्हा तिन्ही सह्या लागतात. मी ते केलं नाही. माझ्याकडे तो अधिकार आहे का, हेही मी पाहिलं नाही. त्याहून मुळातली गोष्ट : अंदाजपत्रकाच्या पेपरसमोर बांधकाम व्यवस्थापन लिहिणं हेच कच्चं होतं. आमच्या अंदाजपत्रकात मुलं आयएस १२०० या भारतीय मानकाप्रमाणे बांधकामाचं मोजमाप शिकतात, राज्याच्या बांधकाम विभागाची दरसूची उघडून दरपृथक्करण करतात. हे जर्मनीतल्या कोणत्याच वर्गात शिकवलं जाणार नव्हतं. ओळ रिकामी दिसू नये म्हणून आम्ही ती भरली होती.

आणि आणखी एक. हा सगळा कागद परीक्षा विभागाकडे गेलाच नव्हता. विभागात फायलीला लावून ठेवला होता. ऑक्टोबरअखेर तिचा परीक्षा फॉर्म आला नाही, म्हणून प्रणालीनं नियमाप्रमाणे 'गैरहजर' दाखवलं. मी आधी परीक्षा विभागावर चिडलो होतो. नंतर त्या टेबलावरच्या बाईंनी मला शांतपणे विचारलं, "सर, आम्हाला कुणी कळवलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हिवाळा

तिच्या तिथल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. ते तिचं आहे, तिनं लिहावं. अभ्यासाच्या दृष्टीनं दोन गोष्टी महत्त्वाच्या. तिथं वर्गात नाव असणं वेगळं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. परीक्षेची नोंदणी स्वतः पोर्टलवर मुदतीत करायची असते, नाही केली तर वर्षभर वर्गात बसूनही परीक्षेला बसता येत नाही. आपल्याकडे फॉर्मची तारीख वर्गात तीनदा ओरडून सांगतात, लिपिक फोन करून बोलावतात. तिथं कुणी सांगत नाही. तिला हे वेळेत कळलं ते शेजारच्या खोलीतल्या एका पुण्याच्या मुलीमुळे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. त्यांचं हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून, परीक्षा फेब्रुवारीत. आमचं आठवं सत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. म्हणजे एका सत्रासाठी गेलेल्या मुलीचं इकडचं पुढचं सत्र जवळजवळ तीन महिने बुडणार, हे कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. सुदैवानं आमच्या आठव्या सत्रात वर्ग कमी असतात. मोठा प्रकल्प आणि दोन विषय, जे केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरून एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांनी करायची मुभा आहे. जानेवारीत तिनं तिथूनच दोन्हींना नाव नोंदवलं. बारापैकी सर्वोत्तम आठ गृहपाठांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के. परीक्षा एप्रिलमध्ये होती, केंद्र इथलं निवडता आलं. प्रकल्पाची चर्चा आम्ही आठवड्यातून एकदा इथले संध्याकाळचे सात वाजता करायचो, तिथं तेव्हा दुपारचे अडीच असत. ही एक गोष्ट आम्ही बरोबर केली, आणि तीही योगायोगानं.

फेब्रुवारीत कॅम्पस मुलाखती झाल्या. पाणीपुरवठा योजनांचं काम करणारी एक कंपनी आली होती, तिला हवं तेच काम. अट होती, चालू बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको. पोर्टलवर तिचे सहा बॅकलॉग दिसत होते. मी कंपनीच्या माणसाला पत्र दिलं, समजावलं. त्यांनी नम्रपणे सांगितलं की त्यांच्या प्रणालीत गुणपत्रिका चढवावी लागते, पत्र नाही. ती संधी गेली, आणि जुलैमध्ये निकाल दुरुस्त झाल्यानं ती परत आली नाही.

क्रेडिटचं गणित

एप्रिलअखेर तिकडची गुणपत्रिका आली. भूजल, सांडपाणी प्रक्रिया, दूरसंवेदन, प्रतिमानं हे चार विषय ५-५ ईसीटीएसचे (ईसीटीएस म्हणजे युरोपातलं क्रेडिटचं माप), प्रकल्प ५, जर्मन भाषा ३. एकूण २८. सगळ्यांत उत्तीर्ण. आता हे आमच्या क्रेडिटमध्ये बदलायचे होते, आणि इथं खरी गाठ पडली.

भूजलाचा विषय घ्या. त्याचे ५ ईसीटीएस म्हणजे आमचे किती?

अभ्यासाच्या तासांनी मोजलं तर एका ईसीटीएसला २५ ते ३० तास धरतात, जर्मनीत ३० ही कमाल मर्यादा आहे. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १,२०० तास आणि ४० क्रेडिट, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. या हिशेबानं ५ चे जवळजवळ ५ होतात.

वर्गातल्या तासांनी मोजलं तर त्या मॉड्यूलचे आठवड्याला ४ तास होते. आमच्याकडे आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट. या हिशेबानं ४.

सत्राच्या ओझ्यानं मोजलं तर तिथलं पूर्ण सत्र ३० ईसीटीएसचं, आमचं २० क्रेडिटचं. दीडास एक. या हिशेबानं ३.३३.

तीनही हिशेब बरोबर आहेत. प्रत्येकामागं तर्क आहे. पण आमचा जलस्रोतचा विषय ४ क्रेडिटचा. पहिल्या दोन हिशेबांनी मुलगी पास, तिसऱ्यानं अपुरी. परीक्षा विभागानं तिसरा हिशेब धरला, कारण तो सर्वांत सावध. त्यानुसार जलस्रोत अपुरा, जर्मन भाषेचे ३ चे २ झाले म्हणून खुला विषयही अपुरा, आणि अंदाजपत्रकासमोर काहीच नाही. म्हणजे जर्मनीत एकही विषय न हरता ती इथं तीन विषयांत राहिली होती.

मी दोन रात्री या आकड्यांत घालवल्या. मग एक साधी गोष्ट दिसली. तिसराच हिशेब, सर्वांत कडक, तो घेऊन सगळं सत्र एकत्र मोजलं तर २८ ला दीडनं भागून १८.६७ येतात. अंदाजपत्रकाचे ४ वगळले तर तिला हवे होते १६. एकत्र मोजलं तर अडीचहून अधिक क्रेडिट शिल्लक राहत होते. पेपरला पेपर जुळवायला गेलं की तुटवडा, सत्राला सत्र जुळवलं की शिल्लक. प्रतिमानांचा विषय कुठल्याच ओळीसमोर नव्हता म्हणून तो हिशेबातच येत नव्हता.

माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की परदेशातलं सत्र गठ्ठ्यानं मोजावं. दुसऱ्या देशातलं विद्यापीठ आपल्या पेपरांच्या मापानं कपडे शिवून ठेवत नाही. पेपर जुळवायचा हट्ट धरला तर विद्यार्थी तिथं जाऊन इथं मिळतं तेच शोधत बसेल.

पण अभ्यास मंडळातल्या एका ज्येष्ठ सरांचा आक्षेप मला टाळता आला नाही. ते म्हणाले, "जलस्रोतमध्ये आपण धरण, कालवा, पिकाची पाण्याची गरज शिकवतो. तिच्या भूजलात यातलं काहीही नाही. उद्या ती जायकवाडीच्या कालव्यावर कनिष्ठ अभियंता म्हणून लागली तर?" हा आक्षेप आकड्यांचा नव्हता, विषयाचा होता, आणि तो खरा होता. गठ्ठ्यानं मोजायचं म्हणून गाभ्याचा विषय सोडून द्यायचा, हे मलाही मान्य नव्हतं.

ग्रेडचा घोळ यापुढं सोपा वाटला. तिथं १.० सर्वांत चांगला आणि ४.० जेमतेम उत्तीर्ण. तिचे भूजलात २.०, सांडपाण्यात २.७, दूरसंवेदनात १.७, प्रतिमानांत ३.३, प्रकल्पात १.३, भाषेत नुसतं 'उत्तीर्ण'. पहिल्या नोंदीत हे आकडे दहापैकी गुण म्हणून चढले आणि तिचा प्रकल्प, जो सर्वांत चांगला होता, तो सर्वांत वाईट नापास ठरला. ते लगेच सुधारलं. परदेशी गुण जर्मन श्रेणीत आणायला तिकडं बव्हेरियन सूत्र वापरतात. ते उलटं फिरवलं, कमाल १० आणि उत्तीर्णतेला ४ धरून, की २.० चे ८.०, १.३ चे ९.४, ३.३ चे ५.४ होतात. आमच्या विषयांच्या वजनानं तिची सरासरी ८.१४ आली. आधीच्या सहा सत्रांच्या सरासरीपेक्षा किंचित कमी. मी तरीही बैठकीत म्हटलं की ग्रेड आणू नयेत, क्रेडिट द्यावेत आणि सरासरी इथल्या विषयांवरच काढावी. परक्या भाषेत, परक्या परीक्षापद्धतीत, मास्टर्सच्या मुलांबरोबर मिळवलेले गुण सूत्रानं इकडं आणले तर पुढच्या वेळी सावध विद्यार्थी सोपे विषय शोधेल किंवा जाणारच नाही.

बैठक

विद्या परिषदेची बैठक जूनमध्ये झाली. एका सदस्यानं यूजीसीची २०२२ ची नियमावली काढली : ट्विनिंगमध्ये, म्हणजे दोन संस्थांनी मिळून चालवलेल्या अभ्यासक्रमात, परदेशातले क्रेडिट ३० टक्क्यांपर्यंतच. आमचं प्रकरण ट्विनिंगचं नव्हतं, साध्या देवाणघेवाणीचं होतं, पदवीवर नाव फक्त इथलंच येणार होतं. पण तो नियम लावला तरी १६० पैकी १६ म्हणजे १० टक्के. तो मुद्दा तिथंच मिटला. दुसऱ्यांनी मास्टर्सच्या विषयांचा प्रश्न काढला : बी.टेक.च्या विद्यार्थिनीला पदव्युत्तर विषयाचे क्रेडिट कसे द्यायचे? त्याला परीक्षा नियंत्रकांनीच उत्तर दिलं की वरच्या पातळीचा विषय खालच्या पातळीला मोजायला हरकत नसावी, उलटं मात्र चालणार नाही.

वडील बैठकीच्या दिवशी आले होते. आत यायची परवानगी नव्हती, बाहेर व्हरांड्यात बसून होते. मुलीनं सांगूनही घरी गेले नाहीत.

ठरलं ते असं. दोन वैकल्पिक, खुला विषय आणि प्रकल्प या चार विषयांचे क्रेडिट गठ्ठ्याच्या हिशेबानं पूर्ण मंजूर, ग्रेडशिवाय, 'उत्तीर्ण' या शेऱ्यानं. जलस्रोत मंजूर, पण कालवे, धरणं आणि सिंचन या तीन घटकांवर तोंडी परीक्षा आणि एक लेखी काम करून. ती तोंडी परीक्षा त्याच ज्येष्ठ सरांनी घेतली, पाऊण तास, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "पोरगी तयार आहे." अंदाजपत्रक मात्र तिनं इथं द्यायचं, पुरवणी परीक्षेत, बॅकलॉगचा शिक्का न मारता पहिला प्रयत्न म्हणून. तो तिनं जूनच्या शेवटच्या आठवड्यात दिला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल सुधारला, मंजूर क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिटच्या राष्ट्रीय नोंदखात्यात चढले आणि तिची पदवी बरोबरच्या मुलांसोबतच झाली.

अंदाजपत्रकाबद्दलचा निर्णय मला सर्वांत योग्य वाटतो. तो जाण्याआधीच झाला असता, "हा एक पेपर तू आल्यावर देशील" असं ऑगस्टमध्येच लिहून दिलं असतं, तर बाकीचं बहुतेक घडलंच नसतं.

आता आमच्याकडे करारपत्राचा नमुना बदलला आहे. त्यावर चौथी सही परीक्षा नियंत्रकांची आहे, आणि तिच्याशिवाय आम्ही विमानाचं तिकीट काढू देत नाही. क्रेडिटचं प्रमाण, ग्रेड मोजायचे की नाही, कोणता पेपर इथंच द्यायचा, हे तीन रकाने आधी भरून घेतो. परदेशात असलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे प्रणालीत 'गैरहजर' ऐवजी 'देवाणघेवाण, निकाल प्रतीक्षेत' असं दिसतं. हा शेरा बसवायला संगणकाच्या माणसाला एक दुपार लागली. बदल व्हॉट्सअ‍ॅपवर मान्य करायचे नाहीत, हेही लिहिलं आहे. ते वाक्य मीच घातलं.

एक गोष्ट राहिली आहे. प्रतिमानांचा विषय, ज्यात तिला ३.३ मिळाले, सर्वांत कमी, तो तिच्या गुणपत्रिकेत कुठंच नाही. आमच्या कोणत्याच ओळीसमोर तो नव्हता म्हणून तो जादा ठरला आणि गळला. पण तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याच विषयावर उभा आहे. चुलत्यांच्या त्या दोन विहिरींची पाणीपातळी वडिलांनी सुटीच्या दिवशी गावी जाऊन दोर आणि मोजपट्टीनं घेतली, आईनं वहीत लिहिली, आणि मुलीनं ते आकडे तिथं शिकलेल्या प्रतिमानात बसवायचा प्रयत्न केला. वाळूसाठी बनलेलं प्रतिमान पाषाणात कुठं मोडतं ते तिच्या अहवालातल्या चौथ्या प्रकरणात आहे, आणि ते प्रकरण मी आता तिसऱ्या वर्षाच्या वर्गात वाचायला देतो. जादा मिळवलेले क्रेडिट गुणपत्रिकेवर वेगळ्या ओळीत दाखवावेत, असा प्रस्ताव मी दिला आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो नवव्या क्रमांकाला आहे.